वाचकांचे प्रश्न : ‘पाठवा’ दाबण्याआधी

माध्यमनीतीवर प्रश्न पाठवा म्हटल्यावर पत्रकारांची पत्रं येतील असा आमचा अंदाज होता. निम्मी पत्रं आली ती सोसायटीच्या सेक्रेटरींची, खाण्यावर रील करणाऱ्यांची आणि विद्यार्थ्यांची. बरंच झालं. आज हातात फोन असलेला प्रत्येक जण थोडाफार संपादक आहे. ठाणे आणि नवी मुंबईतून आलेल्या पत्रांपैकी आठ इथे घेतली आहेत. विचारणाऱ्यांची नावं छापलेली नाहीत आणि एका प्रश्नातला तपशील आम्ही मुद्दाम काढला आहे. का, ते त्या उत्तरात येईलच.

प्रश्न : मी मास मीडियाच्या तिसऱ्या वर्षाला आहे. एथिक्सच्या पेपरात कांट, मिल, पॉटर बॉक्स सगळं लिहिलं, मार्कही छान पडले. इंटर्नशिपला मात्र लोकलमधून पडून गेलेल्या एका मुलाबद्दल ‘त्याच्या इन्स्टावरून फोटो काढ, पाच मिनिटांत दे’ असं सांगितलं गेलं आणि डोकं बंद पडलं. मी फोटो दिला. काय करायला हवं होतं?
– विद्यार्थिनी, नौपाडा, ठाणे

पॉटर बॉक्सचे चार खण तुम्हाला पाठ आहेत : तथ्यं, मूल्यं, तत्त्वं, निष्ठा. नैतिक निर्णय टप्प्याटप्प्याने घेण्याची हार्वर्डच्या राल्फ पॉटर यांची ही मांडणी. परीक्षेत मुलं थेट तिसऱ्या खणात उडी मारतात, कारण कांट आणि मिल हे तत्त्वज्ञ तिथे बसतात आणि मार्कही तिथेच मिळतात. डेस्कवर उलटं आहे. पहिला खण रिकामा असेल तर उरलेल्या तिघांचा काही उपयोग नाही. पाच मिनिटं मिळाली असतील तर त्यातली चार तथ्यांना द्यायची.

तुमच्या प्रसंगात पहिल्या खणात काय लिहायचं? हे खातं त्याच मुलाचं कशावरून? एका नावाची दहा खाती सापडतात. भलत्याच, जिवंत मुलाचा फोटो लागणं ही या कामातली नेहमीची आणि सगळ्यात महागात पडणारी चूक आहे. लोहमार्ग पोलिसांनी ओळख पक्की केली आहे का? घरच्यांना कळवलंय का? वय अठराच्या आत आहे का? फोटोत शेजारी आणखी कोण उभं आहे? फोटो काढला कोणी? फोटोचा हक्क सहसा काढणाऱ्याचा असतो आणि खातं सगळ्यांसाठी खुलं आहे म्हणजे छापायची परवानगी मिळाली असं होत नाही. यातल्या निदान दोन प्रश्नांची उत्तरं लोहमार्ग पोलिसांना केलेल्या एका फोनवर मिळतात.

आता बोलायचं कसं. ‘सर, हे नैतिक नाही’ असं इंटर्न म्हणाला की कोणी मान वर करून बघत नाही. ‘सर, ओळख अजून पक्की नाही, दहा मिनिटं द्या, तोवर स्थानकाचा फोटो लावूया’ असं म्हटलं की ऐकतात, कारण चुकीच्या फोटोची भीती वरिष्ठांनाही असते. नकार देताना हातात पर्याय असावा.

सवयीसाठी रोज वीस मिनिटांचा एक सराव सांगतो. शहर पानावरची तीनशे शब्दांची एक बातमी घ्या आणि पेन्सिलीने प्रत्येक वाक्यापुढे एक अक्षर लिहा : बातमीदाराने स्वतः पाहिलं असेल तर ‘पा’, नाव देऊन कोणी सांगितलं असेल तर ‘सां’, कागद असेल तर ‘का’, आणि कुठून आलं ते कळतच नसेल तर ‘?’. ‘असल्याचे समजते’, ‘परिसरात चर्चा आहे’, ‘सूत्रांनी सांगितले’ ही सगळी प्रश्नचिन्हाची वाक्यं. मग बातमीत ज्याचं नुकसान होणार आहे त्याच्या नावाखाली रेघ मारा आणि त्याची बाजू आली आहे का ते बघा. पंधरा दिवसांत डोळा तयार होतो. त्यानंतर हेच स्वतःच्या कॉपीवर करायचं. ते जास्त बोचतं.

संपर्काची नोंदही पहिल्या दिवसापासून ठेवा : ‘११.४० फोन, उचलला नाही. ११.४५ मेसेज, प्रश्न लिहून पाठवले. ३.०० पर्यंत वाट पाहिली.’ ‘प्रतिक्रिया मिळू शकली नाही’ हे वाक्य एवढ्या नोंदीनंतरच खरं ठरतं. पान सुटायला दहा मिनिटं असताना एक मिस्ड कॉल देऊन ते लिहू नये.

प्रश्न : आम्ही दोघं मिळून नवी मुंबईच्या बातम्यांचं यूट्यूब चॅनल चालवतो. एका लहान मुलीवरच्या अत्याचाराची बातमी केली. नाव दिलं नाही, चेहरा ब्लर केला, आईची परवानगी होती. तरी एका वकिलांनी ‘व्हिडिओ काढा, नाहीतर अडकाल’ असं सांगितलं. चूक कुठे झाली?
– कोपरखैरणे

वकिलांनी बरोबर सांगितलं. व्हिडिओ काढून टाकला नसेल तर आधी तो काढून टाका, मग पुढचं वाचा.

तुमच्या बातमीची रचना होती तशीच ठेवून आम्ही तपशील बदलले आहेत : ‘अमुक सेक्टरमधील नामांकित इंग्रजी शाळेत पाचवीत शिकणाऱ्या १० वर्षीय मुलीवर तिच्या रिक्षाचालक मामाने…’ आता शेजाऱ्याच्या डोळ्यांनी मोजा. नवी मुंबईत मुली लाखांत. सेक्टर म्हटलं की हजारांत. शाळा आणि इयत्ता म्हटलं की वर्गभर. मामा रिक्षा चालवतो म्हटलं की एक. एकेक तपशील निरुपद्रवी दिसतो, पण एकत्र आले की ते नाव सांगून मोकळे होतात. त्यात दुसऱ्या चॅनलने आरोपीचं नाव दिलं असेल तर तुमचा ‘मामा’ आणि त्यांचं नाव जोडायला कोणालाही अर्धं मिनिट लागतं.

पोक्सो कायद्याचं, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या २०१२ च्या कायद्याचं, कलम २३ म्हणूनच फक्त नावावर थांबत नाही. नाव, पत्ता, फोटो, कुटुंबाचा तपशील, शाळा, राहण्याचा परिसर आणि ओळख पटवू शकेल अशी इतर कोणतीही गोष्ट त्यात येते. शिक्षा सहा महिन्यांपासून एक वर्षापर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही, आणि चॅनलचा मालकही त्यात जबाबदार. बाल न्याय कायदा, २०१५ चं कलम ७४ वेगळं. तिथे सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ते आरोपी अल्पवयीन असेल तेव्हाही लागू होतं, हे बरेच जण विसरतात. प्रौढ बलात्कार पीडितेसाठी आता भारतीय न्याय संहितेचं कलम ७२ आहे.

आईच्या परवानगीचं म्हणाल, तर पोक्सोत ओळख उघड करण्याची मुभा देण्याचा अधिकार विशेष न्यायालयाचा आहे, तोही मुलाचं हित असेल तरच आणि कारणं नोंदवून. निपुण सक्सेना प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये हे आणखी स्पष्ट केलं : आडवळणानेही ओळख पटेल असं काही देऊ नका, पीडित व्यक्ती हयात नसली तरी देऊ नका. पोलिसांच्या प्रेसनोटमध्ये किंवा व्हॉट्सॲपवर आलेल्या एफआयआरमध्ये नाव दिसलं म्हणून तुम्हाला ते वापरता येत नाही.

ब्लरवर फार विसंबू नका. चेहरा झाकला तरी गणवेश, दप्तर, इमारतीचं गेट, जिना आणि आईचा आवाज उरतोच. त्या गल्लीत कॅमेरा न नेणं सगळ्यात सोपं. थंबनेल, हॅशटॅग आणि व्हिडिओचं वर्णन वेगळं तपासा, कारण मजकूर दुरुस्त केल्यावर ही तीन ठिकाणं तशीच राहून जातात. आणि कमेंट बंद ठेवा. तुम्ही झाकलेलं नाव शेजारपाजारचे तिथे पाच मिनिटांत लिहितात, काही तर सहानुभूतीने.

मग उरतं काय? ‘नवी मुंबईत अल्पवयीन मुलीच्या लैंगिक छळाच्या आरोपावरून पोलिसांनी परिचयातील एका व्यक्तीला अटक केली. पोक्सोखाली गुन्हा दाखल झाला आहे.’ दोनच वाक्यं, कबूल. पण खरी बातमी इथून पुढे आहे. तक्रार दिल्यापासून गुन्हा नोंदायला किती तास लागले? मुलीचा जबाब तिच्या घरी किंवा तिला सोयीच्या जागी, शक्यतो उपनिरीक्षक दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घेतला का? कायदा तसं सांगतो. विशेष न्यायालयाने दखल घेतल्यापासून तीस दिवसांत मुलीची साक्ष आणि शक्यतो वर्षभरात निकाल हेही कायद्यातच आहे. ठाणे जिल्ह्यात ते पाळलं जातं का, हे विचारायला कोणाची ओळख उघड करावी लागत नाही. आणि १०९८ हा चाइल्डलाइनचा नंबर पडद्यावर वाचता येईल इतका वेळ ठेवा.

प्रश्न : सोसायटीच्या ग्रुपवर एकाने लिफ्टजवळच्या सीसीटीव्हीची क्लिप टाकली, ‘ही बाई चोर आहे, सावध राहा’ असं लिहून. ती तीन घरी काम करणारी बाई. क्लिपमध्ये ती पिशवी घेऊन जाताना दिसते, बाकी काही नाही. क्लिप आता शेजारच्या दोन कॉम्प्लेक्समध्येही फिरतेय. मी ग्रुपचा ॲडमिन आणि सेक्रेटरीही आहे.
– वर्तकनगर, ठाणे

पिशवी घेऊन जाणं हा गुन्हा नाही आणि क्लिपमध्ये तेवढंच दिसतं, हे तुम्हीच लिहिलंय. ‘चोर’ हा शब्द कॅमेऱ्यातून आलेला नाही, तो टाइप करणाऱ्याने घातला. बदनामीचं कलम आता भारतीय न्याय संहितेत ३५६ आहे, आणि फॉरवर्ड करणाराही प्रसिद्ध करणाराच ठरू शकतो.

ॲडमिन म्हणून आज करायचं ते असं. आधी त्या मेसेजचा वेळेसह स्क्रीनशॉट घेऊन स्वतःकडे ठेवा, मग ॲडमिनचा अधिकार वापरून तो सगळ्यांसाठी डिलीट करा. क्रम उलटा झाला तर उद्या नेमकं काय लिहिलं होतं यावरून भांडण होईल. ग्रुपवर दोन ओळी टाका : ‘कालच्या क्लिपवरून कोणावरही चोरीचा आरोप सिद्ध होत नाही. क्लिप पुढे पाठवली असेल तर जिथे पाठवली तिथे हा मेसेजही पाठवा.’ दुसऱ्या दोन कॉम्प्लेक्सच्या सेक्रेटरींना फोन करा. तिथे तुमचं डिलीट चालत नाही.

चोरीचा संशय खरोखर असेल तर ज्यांची वस्तू गेली त्यांनी पोलीस ठाण्यात जावं. फुटेज पेनड्राइव्हवर पूर्ण काढून ठेवा, आवडलेली वीस सेकंदं नव्हेत, तर आधीचा आणि नंतरचा अर्धा तास धरून. बहुतेक रेकॉर्डर जागा संपली की जुनं पुसून नवं भरतात, म्हणून उशीर नको. पोलिसांनी मागितलं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार प्रमाणपत्र लागेल. रेकॉर्डरचं घड्याळ किती मिनिटं पुढेमागे आहे तेही लिहून द्या, कारण ते जवळजवळ प्रत्येक सोसायटीत चुकलेलं असतं.

सभासदाच्या पोस्टसाठी ॲडमिनला आपोआप दोषी धरता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलं आहे, त्याचा दाखला तुमच्या ग्रुपवर कोणीतरी देईलच. तो गुन्हेगारी जबाबदारीचा मुद्दा झाला. त्या बाईंची तीन कामं गेली तर ती परत मिळवून द्यायला तो निकाल येणार नाही. खुलासा मराठीत, शक्य तर आवाजी मेसेज म्हणून टाका आणि त्यांनाही ऐकवा.

प्रश्न : दहावी-बारावीच्या निकालानंतर आत्महत्येची बातमी आली तर छोट्या साप्ताहिकाने ती कशी द्यावी? आम्ही दिलेल्या मथळ्यावर एका समुपदेशकांनी आक्षेप घेतला.
– साप्ताहिकाचे संपादक, नवी मुंबई

पत्रात तुम्ही जागेचं नाव आणि पद्धत दिली होती. आम्ही ती काढली आणि मथळाही पूर्ण छापत नाही. प्रेस कौन्सिल ऑफ इंडियाने २०१९ मध्ये स्वीकारलेल्या मार्गदर्शक सूचना नेमकं हेच सांगतात, आणि त्या जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनांवर आधारलेल्या आहेत : बातमी ठळक जागी नको, पुन्हा पुन्हा नको, पद्धतीचं वर्णन नको, जागेचा तपशील नको, मथळा भडक नको, फोटो-व्हिडिओ नको.

कारण भावनिक नाही, अनुभवाचं आहे. व्हिएन्नात १९८७ मध्ये मेट्रोतल्या अशा मृत्यूंच्या बातम्या देण्याची रीत वृत्तपत्रांनी बदलली आणि त्यानंतर तिथल्या घटना ठळकपणे घटल्या. आधीच कड्यावर उभ्या असलेल्या वाचकाला जागा आणि पद्धत म्हणजे पत्ता दिल्यासारखं होतं.

तुमच्या मथळ्यात ‘नापास झाल्याने’ आणि ‘टोकाचे पाऊल’ हे दोन्ही होते. पहिल्यात एकच कारण ठोकून दिलंय. दोन तासांत कोणालाच कारण माहीत नसतं, आणि त्या आठवड्यात नापास झालेली सगळी मुलं ते वाचत असतात. दुसरं मराठी मथळ्यांचं जुनं व्यसन आहे. ‘जीवनयात्रा संपवली’, ‘मृत्यूला कवटाळले’ हीही त्याच घरची भावंडं. त्यांनी मृत्यूला एक प्रकारचं काव्य मिळतं. ‘नवी मुंबईत विद्यार्थ्याचा मृत्यू, पोलिसांकडून तपास’ एवढं पुरे. आतल्या पानावर, एका स्तंभात. चिठ्ठीतला मजकूर एक ओळही नाही. जीव वाचलेल्या व्यक्तीबद्दल ‘प्रयत्न फसला’ असं लिहू नये आणि तिचं नाव देऊ नये. मानसिक आरोग्य केंद्रात उपचार चालू असतील तर मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २४ प्रमाणे तिच्या संमतीशिवाय फोटो किंवा माहिती देताच येत नाही.

टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो, मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं. तो बातमीच्या शेपटीला बारीक टायपात नको, दुसऱ्या परिच्छेदानंतर चौकटीत घ्या. निकालाच्या आठवड्यात पुरवणी परीक्षेचे अर्ज कधी सुटतात याचीही एक चौकट द्या. आमच्या मते तिचा उपयोग अग्रलेखापेक्षा जास्त होतो.

प्रश्न : आमच्या गावच्या आजोबांची भूसंपादनावर मुलाखत घेतली. ते आगरीत बोलले. छापताना शुद्ध मराठी केलं तर घरचे म्हणतात ‘हे त्यांचं बोलणंच नाही’. तसंच ठेवलं तर लोक हसतील अशी भीती वाटते.
– घणसोली गाव

अवतरणचिन्हं लावली की आतले शब्द त्यांचेच हवेत, एवढा नियम. ‘मना म्हायती नाय’ असं ते म्हणाले असतील तर अवतरणात ‘मला याविषयी कल्पना नाही’ येऊ शकत नाही. ते हवं असेल तर चिन्हं काढा आणि ‘आपल्याला माहिती नसल्याचं त्यांनी सांगितलं’ असं लिहा.

हसण्याचं कारण बोली नसते, पंक्तिभेद असतो. सिडकोच्या अधिकाऱ्याचं अर्धं इंग्रजी, अर्धं हिंदी बोलणं तुम्ही घासूनपुसून प्रमाण मराठीत छापता आणि आजोबांचं मात्र उच्चारासकट ठेवता, तेव्हा ते विनोदी पात्र होतात. दोघांना एकच माप लावा. लांब मुलाखत असेल तर मधला रस्ता असा : निवेदन प्रमाण मराठीत, आणि जमीन, वारस, साडेबारा टक्के (संपादित जमिनीच्या बदल्यात सिडकोकडून मिळणारा भूखंड) याबद्दलची त्यांची मोजकी वाक्यं जशीच्या तशी आगरीत. ती छापण्याआधी त्यांना वाचून दाखवा. लिहिलेली आगरी डोळ्यांनी तपासता येत नाही, कानांनीच तपासावी लागते.

प्रश्न : ठाण्यातल्या खाण्याच्या जागांवर मी रील करतो. पैसे घेत नाही, फक्त जेवण फुकट असतं. तरी ‘जाहिरात’ लिहावं लागेल का?
– घोडबंदर रोड

हो. पैसे, फुकट जेवण, सवलत, भेटवस्तू, नात्यातल्या माणसाचं हॉटेल, या सगळ्याला ‘हितसंबंध’च म्हणतात. ग्राहक संरक्षण कायद्याखालच्या केंद्राच्या सूचनाही हेच सांगतात आणि जाहिरात मानक परिषद म्हणजे ॲस्कीही. ॲस्कीचं माप लक्षात ठेवायला सोपं आहे. पंधरा सेकंदांपर्यंतच्या व्हिडिओत लेबल किमान तीन सेकंद, पंधरा सेकंद ते दोन मिनिटांत एकूण लांबीच्या एक तृतीयांश वेळ, दोन मिनिटं किंवा त्याहून लांब असेल तर त्या जागेबद्दल बोलणं चालू आहे तोवर सगळा वेळ. तुमची मिसळीची रील ९० सेकंदांची असेल तर ३० सेकंद ‘जाहिरात’ हा शब्द दिसायला हवा. रील मराठीत असेल तर लेबलही मराठीत चालतं. कॅप्शनच्या तळाशी वीस हॅशटॅगमध्ये ते दडवलं किंवा ‘आणखी वाचा’ दाबल्यावरच दिसत असेल तर ते धरलं जात नाही.

दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण दहा लाखांपर्यंत दंड करू शकतं, पुन्हा केलं तर पन्नास लाखांपर्यंत. तुमच्या मिसळीसाठी कोणी पन्नास लाख मागायला येणार नाही. पण लेबल लावून ‘रस्सा बरा, फरसाण मऊ पडलं होतं’ असं बोललात तर लोक पुढच्या वेळीही विश्वास ठेवतील, आणि हॉटेलवाल्याला नको असेल तर तो बोलावणार नाही. हे त्याच्याशी जेवायला बसण्याआधी बोलून घ्या, बिलाच्या वेळी नव्हे.

प्रश्न : पावसात ‘आत्ताचा ठाण्याचा’ म्हणून व्हिडिओ येतात. आमच्या पेजवर टाकण्याआधी झटपट कसं तपासायचं?
– कळवा

पाठवणाऱ्याला तीन गोष्टी मागा : मूळ फाइल, त्याच जागेचा आत्ता काढलेला दुसरा फोटो, आणि तो नेमका कुठे उभा आहे. फाइल व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. साधा व्हिडिओ म्हणून पाठवला की तो दाबला जातो आणि कधी, कुठे काढला ही माहिती गळते. दुसरा फोटो ज्याला पाठवता येत नाही, त्याने व्हिडिओ दुसरीकडून उचललेला असतो. बहुतेक खोटं इथेच गळून पडतं.

मग व्हिडिओतल्या तीन-चार चौकटी थांबवून गूगल लेन्समध्ये टाका. जुना असेल तर मागच्या वर्षांतला सापडतो. दुकानाच्या पाटीवरचा पत्ता वाचा. गाड्यांच्या नंबरवर एकट्यावर भरवसा नको : एमएच ०४ ठाण्याचा आणि एमएच ४३ नवी मुंबईचा, पण गाड्या फिरतात. एमएच ०४ ची गाडी कोल्हापुरातही पाण्यात अडकू शकते. उलट एकही एमएच नंबर दिसत नसेल, तर मात्र थांबा. आवाज चालू ठेवून बघा. लोक कोणत्या भाषेत ओरडतायत ते कळतं, आणि जोडलेला आवाज एकसुरी असतो. तरीही शंका राहिली तर ‘खात्री झालेली नाही’ असं लिहून टाकण्याचा मोह होतो. टाकू नका. ती ओळ कोणी वाचत नाही, पाणी सगळे बघतात.

प्रश्न : पाणीकपातीच्या बातमीत आम्ही ‘कोलशेत’ऐवजी ‘कळवा’ लिहिलं. लक्षात आल्यावर गुपचूप बदललं. चाललं ना?
– स्थानिक पोर्टलचे उपसंपादक, ठाणे

नाही चाललं. कळव्यातल्या लोकांनी विनाकारण पिंपं भरली आणि कोलशेतला सकाळी नळ कोरडे. ज्यांनी आधीची बातमी वाचली ते पुन्हा पानावर येणार नाहीत, म्हणजे गुपचूप दुरुस्ती फक्त तुमच्या अब्रूसाठी झाली. शिवाय ठाण्यात पाणी चार ठिकाणांहून येतं : महापालिकेची स्वतःची योजना, स्टेम ही पाणीपुरवठा कंपनी, एमआयडीसी आणि मुंबई महापालिका. त्यामुळे कोणाची कपात कुठे, हा गोंधळ पुन्हा होणारच. सूचनेचा मूळ कागद समोर ठेवून प्रभागांची नावं दुसऱ्या माणसाकडून मोठ्याने वाचून घ्या.

दुरुस्ती बातमीच्या वरच्या टोकाला अशी लिहा : ‘दुरुस्ती (सायं. ६.१०) : या बातमीत पाणीपुरवठा कळव्यात बंद राहील असं आधी म्हटलं होतं. तो कोलशेत परिसरात बंद राहणार आहे. कळव्यात पुरवठा नेहमीप्रमाणे राहील.’ चूक काय, बरोबर काय, कधी बदललं. ‘तांत्रिक कारणामुळे’ आणि ‘अनवधानाने’ नको. कोणाची तक्रार लेखी आली असेल तर २०२१ च्या आयटी नियमांप्रमाणे डिजिटल प्रकाशकाच्या तक्रार अधिकाऱ्याने पंधरा दिवसांत निर्णय कळवायचा असतो. पाण्याच्या बातमीला पंधरा मिनिटंसुद्धा जास्त झाली.

आणि व्हॉट्सॲपवर जे चित्र बनवून पाठवलं होतं, ते बातमी बदलून बदलत नाही. त्याच आकाराचं, त्याच रंगाचं नवं चित्र करा, वर जाड अक्षरात ‘सुधारित’ लिहा, आणि जुनं ज्या ग्रुपांवर टाकलं होतं त्यांची यादी काढून कळव्याच्या ग्रुपांपासून सुरुवात करा.